चारवर ठेवलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे, पण माझ्याखाली तुम्ही कधी झोपलेले नाहीत. मी गाडीत राहतो. पुढच्या डाव्या सीटसमोर जो कागदपत्रं ठेवायचा कप्पा असतो, त्याच्यामागे एका काळ्या गोल डब्यात माझं घर आहे. थंडीत तुमच्या पायांवर गरम वारा येतो, पावसाळ्यात काचेवरचं धुकं विरतं, तेव्हा तुम्ही म्हणता, हीटर लावला. हीटर नुसता तापून बसतो. त्याची ऊब तुमच्यापर्यंत आणतो तो मी.

मला डोळे नाहीत. मी माणसं ओळखतो ती आवाजावरून, वासावरून आणि श्वासावरून. गाडीत एक छोटी पट्टी असते. ती सरकवली की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा माझ्यातून फिरत राहते. आत बसलेल्यांचा श्वास माझ्याकडे येतो, माझ्यातून पुन्हा त्यांच्याकडे जातो. म्हणूनच मला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. ती मला सांगता येत नव्हती, आणि त्यामुळे एक बाई वर्षभर स्वतःला दोष देत राहिली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या तारेची मोटर, आणि तिच्या दांड्यावर बसवलेलं, उभ्या पात्यांच्या पिंजऱ्यासारखं प्लॅस्टिकचं गोल चाक. एका पांढऱ्या डिझेल गाडीत मला तीन स्क्रूंनी बसवलं आणि झाकून टाकलं. त्या दिवसापासून पुढे चौदा वर्षं मला कुणी पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्या जातीचं असंच असतं.

गाडी घेतली कासारसाईच्या हैबतरावांनी. धरणाच्या खालच्या अंगाला त्यांची भातखाचरं होती, आंबेमोहर व्हायचा. माणूस अंगानं थोराड, पण हाताला थंडी सोसायची नाही. भाताच्या चिखलात आयुष्य गेलेलं, बोटांचे सांधे पावसाळ्यात आखडायचे. गाडीत बसले की आधी लाल खुणेकडे बटण फिरवायचे, मग माझं बटण एकवर आणायचे, आणि स्टिअरिंगसमोरची वाऱ्याची खिडकी खाली वळवून दोन्ही हातांवर घ्यायचे.

शेजारी त्यांची लेक रेश्मा असली की म्हणायची, "तात्या, चारवर करा की. लवकर गरम होईल."

"चारवर डोकं उठतं. त्यो एकवर गुमान काम करतोय, तर करू दे."

एवढंच माझं कौतुक. पण कुणीतरी आपल्याला गुमान काम करणारा म्हणतं, हे यंत्रालाही पुरतं.

रेश्मा हिंजवडीत एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. कुठलं बटण कधी दाबावं, काय बिघडलं तर आधी काय तपासावं, असलं सगळं. मागच्या सीटवर तिची स्वतःची पुस्तकं कायम पडलेली असायची. जुन्या कागदाचा वास मला तिच्यामुळे कळला.

आता माझ्या आजाराबद्दल सांगतो, कारण तो मला प्रेमातून झाला.

दर दसऱ्याला गाडी धुतली जायची. मग हैबतरावांच्या पत्नी सगुणाबाई ताट घेऊन यायच्या. नारळ फुटल्याचा आवाज, हळदीचा वास, झेंडूचा उग्र वास. शेवटी त्या अक्षता टाकायच्या. इतर बाया चिमटीनं टाकतात. सगुणाबाई मुठीनं टाकायच्या, आणि त्याही घरच्या आंबेमोहराच्या. बोनेटवर टाकलेल्या अक्षता खाली घरंगळून जातात. पण सगुणाबाईंचा नेम पुढच्या काचेवर असायचा, कारण काचेच्या मागे त्यांचा नवरा बसणार होता. काचेवरून त्या घसरत काचेखालच्या काळ्या जाळीत पडायच्या. मित्रांनो, ती जाळी म्हणजे माझं नाक. बाहेरची हवा मी तिथूनच ओढतो.

तिसऱ्या वर्षी गाडी दुरुस्त करणाऱ्यानं हैबतरावांना सांगितलं होतं, "जाळीवर काही टाकू देऊ नका. आत जातं." त्यांनी बायकोला ते कधीच सांगितलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, घरातलं कुणी उठायच्या आत, ते बाहेर यायचे आणि बोटांनी एकेक अक्षत वेचून काढायचे. बोटं जाड आणि जाळी बारीक. निम्म्या माझ्याकडे यायच्याच. पाकळ्याही यायच्या. आणि तांदूळ आहे म्हटल्यावर एका हिवाळ्यात उंदीर आला. त्यानं जाळीच्या आत वाळकं गवत आणि कापडाच्या चिंध्या आणून संसार थाटला.

माझा श्वास कोंडायला लागला. माझ्या शेजारी तारेची एक गुंडाळी असते, तिला रेझिस्टर म्हणतात. माझा वेग एक, दोन, तीनवर राखायचं काम तिचं. ती तापते, आणि माझ्याच वाऱ्यानं निवते. माझा वारा कमी झाला तशी ती तापून तापून एक दिवस जळाली. त्यानंतर मी एकवर चालेना, दोनवर चालेना, तीनवरही नाही. चारवर वीज त्या गुंडाळीला वळसा घालून थेट येते, म्हणून तेवढा चाललो. तेही खडखडत, कारण पिंजऱ्यात तांदूळ होते.

हैबतराव हसून नरहरीला म्हणाले होते, "ह्यो बी माज्यावानी झालाय. बोलला तर वरडतोय, न्हाई तर गप."

नरहरी हा त्यांचा जुना स्नेही. ताम्हिणीत घाटाच्या तोंडाशी त्याचा ढाबा. दर आषाढात हैबतराव आंबेमोहराची पिशवी घेऊन त्याच्याकडे जायचे, पिठलं-भाकरी खाऊन, दोन तास बसून परत यायचे. इतक्या वर्षांत तो नेम चुकला नव्हता.

गेल्या वर्षीच्या आषाढातही ते निघाले. एकटेच. ताम्हिणीचा पाऊस तुम्हाला सांगून कळायचा नाही. गाडीच्या टपावर तो सुटा पडत नाही, ओततो. बाहेरची हवा ओली म्हणून त्यांनी पट्टी सरकवून आतली हवा लावली, लाल बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि मला चारवर ठेवलं. नरहरीचा ढाबा दोन वळणांवर राहिला असताना त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

त्यांचा श्वास माझ्याकडे येत होता. तो आखूड झाला होता. त्यांनी फोन लावला. समोर घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. त्यांनी फोन बाजूच्या सीटवर ठेवला. "कामात असंल," असं ते म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगतो. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर, माझ्या वाऱ्यासमोर धरले.

थोड्याच वेळानं माझ्याकडे परत येणाऱ्या हवेत श्वास नव्हता.

डिझेलचा वास होता, पिशवीतल्या आंबेमोहराचा वास होता, ओल्या कापडाचा वास होता. श्वास नव्हता. मी फिरत राहिलो. दुसरं काय करणार? मला बंद करणारा हात माझ्यासमोरच होता, आणि तो हलत नव्हता. मी चारवर फिरत होतो आणि त्या हातांवर गरम वारा सोडत होतो. काचा आतून धुरकटल्या होत्या. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं असेल, कुणी पावसात गाडी थांबवून झोपलंय. तासा-दीड तासानं सीटवरचा फोन वाजला. बराच वेळ वाजला. मग थांबला. मग पुन्हा वाजला.

शेवटी नरहरीला शंका आली. भाकऱ्या थापून झाल्या आणि पाहुणा आला नाही, म्हणून तो छत्री घेऊन रस्त्यानं चालत आला. त्यानं दार उघडलं, हैबतरावांचा हात हातात घेतला, हाक मारली, मग चावी फिरवून इंजिन बंद केलं. मी थांबलो.

आठवड्यानं तो गाडी परत द्यायला निघाला तेव्हा त्यानं चावी लावली. मला वळायचं होतं, पण दोन तासांच्या उष्णतेनं आणि नंतरच्या ओलीनं पिंजऱ्यातला सगळा गाळ घट्ट बसला होता. मी नुसता कण्हलो. माझा फ्यूज उडाला. काच फडक्यानं पुसत पुसत नरहरीनं गाडी कासारसाईला आणली. बटणांना हात लावायचं त्याला सुचलं नाही.

अंगणात उभ्या गाडीशेजारी तो सगुणाबाईंना म्हणाला, "वैनी, म्या गेलो तवा हात गरम हुते त्यांचे. बगून तसं कायबी झालेलं वाटत नव्हतं."

सगुणाबाईंनी ते पदरात घेतलं. कुणी भेटायला आलं की त्या सांगायच्या, "हात गरम हुते म्हनं." त्यात त्यांना काहीतरी धरून ठेवायला मिळालं होतं.

रेश्माही तिथेच उभी होती. तिनं ते वाक्य दुसऱ्या तऱ्हेनं ऐकलं.

तिला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला होता. ती मीटिंगमध्ये होती. एक वाजायच्या सुमारास तिनं परत लावला. दीड वाजता नरहरी पोचला, आणि हात गरम होते. घाटातली थंडी, धो धो पाऊस, आणि हात गरम. तिनं पुस्तकांत शोधून काढलं की देह किती वेळात निवतो. ती पुस्तकं घेऊन गाडीत बसायची, बंद गाडीत, काच लावून. पुटपुटत पानांच्या कडेला पेन्सिलीनं आकडे मांडायची. तिच्या हिशोबानं तात्या एक वाजेपर्यंत जिवंत होते. म्हणजे अकरा वीसला फोन उचलला असता, तर नरहरीला कळवायला, गाडी बोलवायला, पौडच्या दवाखान्यापर्यंत न्यायला वेळ होता. दीड तास होता.

मित्रांनो, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. सगळं ठाऊक असलेला, जळका, गाळानं भरलेला, मुका. ज्या हवेत ती न रडता बसून राहायची, ती हवा मला हलवताही येत नव्हती.

असं जवळजवळ वर्ष गेलं. वर्षश्राद्ध जवळ आलं, आणि एका शनिवारी सकाळी सगुणाबाई म्हणाल्या, "रेशमे, मला ती जागा बगायचीय. आदी ताम्हिणीला जाऊन येऊ, मंग वर्सश्राद्ध."

"कॅबनं जाऊ."

"कॅब कशाला? त्यांची गाडी हाय की."

"तिचा पंखा बंद आहे. घाटात काच धुरकटली तर समोरचं काही दिसणार नाही."

"मंग कर की दुरुस्त. तुज्या त्या पुस्तकांत ल्हितीस ना, काय बिगाडलं तर काय करायचं?"

अशा रीतीनं माझ्या दारावर वर्षभरानं थाप पडली.

रेश्मानं काम पद्धतशीर सुरू केलं, जसं ती इतरांना लिहून देते तसं. आधी फ्यूज. स्टिअरिंगखालचं झाकण काढून तिनं माझा फ्यूज ओढला. आतली तार तुटलेली. नवा बसवला, चावी फिरवली. मी कण्हलो आणि तोही उडाला. पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या सगुणाबाईंनी मान वर केली.

"काय झालं?"

"फ्यूज उडाला. म्हणजे फ्यूजचा दोष नाही. मोटर अडकलीय, ती जास्त वीज खेचतेय."

"तुज्या तात्यांनी येकदा मिक्सर उगडला हुता. त्याचं झाकान अजून घावलं न्हाई."

"मी स्क्रू वाटीत ठेवतेय."

"वाटी कुटली घेतलीस? देवाची तर न्हाई?"

"लोणच्याची."

"मंग ठेव."

रेश्मानं कप्पा रिकामा केला. चष्म्याचं घर, टायरची हवा तपासायची नळी, खडीसाखरेची पुडी. पुडी तिनं थोडा वेळ हातात धरली आणि बाजूला ठेवली. मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो सोडवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या डब्यावर उजेडाची ऊब पडली. तिनं वायरीचं टोक सोडवलं, तीन स्क्रू काढले, आणि मला दोन्ही हातांनी खाली ओढून घेतलं.

माझ्याबरोबर सगळंच खाली आलं. तिच्या मांडीवर, सीटवर, पायाशी. वाळक्या पाकळ्या, गवत, चिंध्या. आणि तांदूळ. हळदीचा वास धरून राहिलेले, मुठी मुठी तांदूळ.

"आई, इकडे ये."

सगुणाबाई आल्या. त्यांनी वाकून चार दाणे उचलले, तळहातावर घोळवले, नाकाशी नेले.

"ह्यो आंबेमोहर हाय," त्या म्हणाल्या. "आपला." मग दाणे मुठीत मिटले. "म्याच टाकलेत ह्ये. दर दसऱ्याला."

"तुला काय माहीत आत जातात ते."

"त्यांना म्हाईत हुतं का?"

रेश्मानं काचेखालच्या जाळीत बोट घातलं. बाहेरच्या कडेला जाळीच्या काड्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या, एखाद्यानं वर्षानुवर्षं तिथे नखं घातल्यासारख्या. तिनं ते आईलाही बोटानं चाचपायला दिलं. दोघींना कळलं. सगुणाबाई म्हणाल्या, "येका शब्दानं बोलला न्हाई ह्यो मानूस. बोलला असता तर म्या चाकावर टाकल्या असत्या." आणि पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला समजलं नाही. दोन्हींचा श्वास सारखाच येतो.

पुढचं काम त्या दोघींनी मिळून केलं. सगुणाबाईंनी दात घासायच्या जुन्या ब्रशनं माझी एकेक पाती स्वच्छ केली, जशी भांड्याची नक्षी घासतात तशी. रेश्मानं दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि मला बोटानं फिरवलं. पहिल्यांदा अडखळलो, मग सुटलो. तिनं दोन वायरी घेऊन मला बॅटरीला थेट जोडलं. मी फिरलो. अंगणात, उघड्यावर, उन्हात. सगुणाबाईंनी निवडलेल्या सुपातला कोंडा उडाला आणि त्या म्हणाल्या, "आरं आरं, मानसाच्या अंगावर काय येतोस?"

जळकी गुंडाळी रेश्मानं काढून नमुन्याला नेली आणि संध्याकाळी माण गावातल्या दुकानातून तशीच नवी आणली. फ्यूजही आणले. काचेखालच्या जाळीला आतून तिनं डासांच्या जाळीचा तुकडा शिवला. रविवारी सकाळी पुन्हा जागेवर बसवून तिनं तीन स्क्रू आवळले. लोणच्याच्या वाटीत एकही स्क्रू उरला नाही.

आता तपासणी. ती चालकाच्या सीटवर बसली. इंजिन सुरू केलं.

मी लगेच चारवर सुटलो, पूर्ण जोरानं. तिनं दचकून बटणाकडे पाहिलं. तिनं ते चारवर केलं नव्हतं. दुसरं बटण लाल खुणेच्या शेवटाला होतं. तेही तिनं केलं नव्हतं. पट्टी आतल्या हवेवर. स्टिअरिंगसमोरची वाऱ्याची खिडकी खाली वळवलेली. ती या गाडीत वर्षभर बसली होती, पण बंद गाडीत बटणांकडे कोण बघतं?

तिनं काही बदललं नाही. आधी वारा गार होता. इंजिन तापत गेलं तसा कोमट झाला, मग गरम. तिनं हात उचलले आणि स्टिअरिंगवर ठेवले, जिथे वारा येत होता तिथे. तिचा श्वास माझ्याकडे येत होता. तो थांबून थांबून यायला लागला. मी घाबरलो, मित्रांनो. मला तो श्वास आठवला. पण तिचा आला. येत राहिला.

ती किती वेळ बसली होती, मला मोजता येत नाही. दार उघडलं आणि सगुणाबाईंनी चहाचा कप पुढे केला. कप घेताना रेश्माची बोटं त्यांच्या हाताला लागली.

"केवढा गरम हाय गं हात तुजा. ताप आला का?"

 रेश्मानं कप डॅशबोर्डवर ठेवला आणि आईचा हात धरून वाऱ्यासमोर नेला. तिथेच धरून ठेवला. मग खिशातून फोन काढून नरहरीला लावला आणि आईला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"नरहरीकाका, रेश्मा बोलतेय. एक विचारायचं होतं. तुम्ही त्या दिवशी दार उघडलं, तेव्हा गाडीत हीटर चालू होता का?"

"हुता की. भट्टीवानी तापलं हुतं आत. दार उगडलं तर तोंडावर वाफ आली. त्यो पंका तर असा वरडत हुता..."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू कवा इचारलंस, पोरी?" नरहरी थांबला. मागे त्याच्या ढाब्यावर कुणीतरी भजी मागत होतं. "हात गरम हुते, पर जबडा आवळला हुता गं. मान वळत नव्हती. म्या दोन-चार मेलेली मानसं हाताळलीत, मला कळलं तितंच. लई येळ झाला हुता. पर वैनी समोर हुत्या. मानसाला काय तरी गोड सांगावं लागतं ना."

"हो," रेश्मा म्हणाली. "बरं केलंत. आम्ही पुढच्या रविवारी येतोय. आंबेमोहर आणते."

फोन बंद झाला. मी चारवर ओरडत होतो, आणि सगुणाबाईंचा हात अजून माझ्या वाऱ्यासमोर होता. रेश्माला वाटत होतं की आपण आईचा एक आधार तिच्यादेखत काढून घेतला. मला ते तिच्या श्वासावरून कळत होतं. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं... मी फोन उचलला असता तर. वर्षभर मला तेच वाटत होतं. पण हात ह्या वाऱ्यानं गरम होते, तात्या फोननंतर लगेचच गेले होते."

सगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं असावं.

"तुला असं वाटत हुतं? आन् बोलली न्हाईस? बापाच्या वळनावर गेलीस." त्यांनी दुसराही हात वाऱ्यासमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. "मला येगळंच भ्या हुतं. पाऊस, घाट, येकटा मानूस. हात गरम हुते म्हनत ऱ्हायले, तरी वाटायचं, गारठून गेले असतील. थंडी सोसायची न्हाई त्यांना." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजी थंडीत न्हाई गेले."

"नाही," रेश्मा म्हणाली. "थंडीत नाही गेले."

तिनं बटण चारवरून तीनवर आणलं, मग दोनवर, मग एकवर. नव्या गुंडाळीनं मला प्रत्येक पायरीवर नीट सांभाळलं. एकवर मी इतका हळू फिरतो की माझा आवाज येत नाही. त्या शांततेत ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, त्या गाडीत. तिच्या पुस्तकांमधले पेन्सिलीचे आकडे तिनं नंतर खोडले का, ते मला माहीत नाही. ती पुस्तकं मात्र पुन्हा गाडीत आली नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही ताम्हिणीला गेलो. पाऊस ओतत होता. घाटाच्या तोंडाशी काचेवर धुकं चढायला लागलं तशी रेश्मानं बाहेरची हवा घेतली, वारा काचेकडे वळवला आणि मला दोनवर ठेवलं. काच निवळत गेली. ती जागा आली तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली. सगुणाबाई उतरल्या नाहीत. काच थोडी खाली करून त्यांनी ओल्या रस्त्यावर मूठभर आंबेमोहर टाकला. मग मागे वळून म्हणाल्या, "बग, जाळीत न्हाई टाकला." आणि रेश्मा हसली.

मित्रांनो, आता माझी तुम्हाला विनंती. गाडीची पूजा जरूर करा, आम्हालाही सण असतो. पण अक्षता चाकावर टाका, बोनेटवर टाका, काचेखालच्या जाळीवर टाकू नका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला तरी जाड बोटांनी त्या वेचाव्या लागतात. वर्षातून एकदा तरी माझा कप्पा उघडून बघा. वेग कमी-जास्त होत नसेल, खडखड येत असेल, तर मला नुसतं ओरडू देऊ नका. मी काहीतरी सांगत असतो.

आणि जी गोष्ट मनाला खात राहते, तीही एकदा उघडून बघा. कागदावर आकडे मांडून तिचा निकाल लावू नका. जिथे ती घडली तिथे हात लावून बघा, जो तिथे होता त्याला विचारा. मी तिथे होतो. मला बोलता आलं नाही, पण विचारल्यावर मी सांगितलं.

अजूनही कधी एखाद्या पावसाळी सकाळी रेश्मा मला आतल्या हवेवर लावते, तेव्हा परत येणाऱ्या हवेत मी मोजत असतो. एक श्वास तिचा, एक आईचा. तिसरा येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मोजतो. मला हात नाहीत, तरी त्या दिवशी दोन तास मी कुणाचे तरी हात धरून ठेवले होते. ते कसे सोडायचे, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.